नोव्हेंबर ते मार्च : उत्तर इटलीतली सरोवरं आणि जुनी शहरं कशी फिरावीत

कोमो आणि गार्दा या सरोवरांचा हंगाम ईस्टरच्या आसपास सुरू होतो आणि ऑक्टोबर संपताना आटोपतो. त्यानंतर हॉटेलं स्वस्त होतात, गर्दी ओसरते, व्हेरोनाच्या चौकात निवांत उभं राहता येतं. पण त्याच वेळी अर्ध्या बोटी बंद होतात, प्रसिद्ध बागांना कुलूप लागतं आणि काही गावांत संध्याकाळी चहासुद्धा मिळत नाही. बरेच लोक उन्हाळ्यातल्या फोटोंवरून बेत आखतात, जानेवारीत तिथे पोचतात आणि हिरमुसतात. खरं तर या भागाचा हिवाळा सुंदर असतो, फक्त त्याचा बेत वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. मिलानला उतरून कोमो, बेर्गामो, व्हेरोना आणि मांतोव्हा असा आठ-नऊ रात्रींचा प्रवास रेल्वे, बस आणि बोटीने कसा करायचा, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

१. आधी महिना ठरवा

ऑफ सीझन म्हटला तरी त्यातले सगळे महिने सारखे नसतात.

नोव्हेंबर पावसाचा. डोंगरावर ढग उतरलेले, सरोवर राखाडी, आणि बंद दारंही याच महिन्यापासून दिसू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे नीट पाहावं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे आपली सुट्टी नेमकी तिकडची आवराआवर चालू असताना येते. अशा वर्षी सरोवराला दोन दिवस पुरेत, बाकीचे शहरांना द्या.

डिसेंबरात कोमो आणि व्हेरोनात नाताळची रोषणाई आणि बाजार असतात. मात्र ८ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी आणि ७ तारखेला मिलानच्या ग्रामदैवताचा, म्हणजे संत अम्ब्रोजचा दिवस. या दोन तारखांना शनिवार-रविवार जोडून आला की हॉटेलांचे दर उन्हाळ्याइतके चढतात. २३ डिसेंबर ते ६ जानेवारी हाही स्वस्ताईचा काळ नाही.

७ जानेवारीनंतर फेब्रुवारी संपेपर्यंत खरा सन्नाटा, आणि खरी स्वस्ताई. हवा कोरडी, बऱ्याचदा स्वच्छ, आणि आल्प्सची बर्फाची रांग सरोवराच्या पाण्यावर दिसते ती याच दिवसांत. आमची पसंती फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याला. दिवस मोठा होऊ लागलेला असतो आणि थंडीचा कडाका उतरलेला असतो. १४ फेब्रुवारीच्या आसपास मात्र व्हेरोना टाळा, प्रेमिकांच्या दिवसासाठी शहर भरून जातं. मार्चच्या मध्यापासून बागा उघडायला लागतात.

आणखी एक सापळा म्हणजे प्रदर्शनं. व्हेरोनात नोव्हेंबरच्या सुरुवातीला घोड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, मिलानमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस फॅशन वीक असतो. त्या तीन-चार दिवसांत खोलीचा दर दुप्पट दिसला तर कारण हेच. तारीख आठवडाभर मागेपुढे केली की दर जागेवर येतो.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, पर्यटन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण १५ दिवसांवर विसंबू नका, दीड-दोन महिने हाताशी ठेवा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

सोबत लागणारे कागद :

- पासपोर्ट : गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध, दोन पानं कोरी
- ३५ × ४५ मिमीचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, प्रवासाचे सगळे दिवस धरून
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचा शिक्का असलेली स्टेटमेंटं, आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांना रजेचं पत्र आणि पगारपत्रकं. व्यावसायिकांना नोंदणीचे कागद
- दिवसवार बेत लिहिलेलं पत्र

अडचणी येतात त्या बहुतेक तारखा न जुळल्यामुळे. पत्रात नऊ रात्री, हॉटेलं आठ रात्रींची आणि विमा परतीच्या आदल्या दिवशी संपणारा, असं झालं की प्रश्न उभा राहतो. सगळे कागद शेजारी ठेवून तारखा एकदा बोटाने तपासा. मुक्काम विनाशुल्क रद्द करता येणारे घ्या. अर्ज इटलीकडे करणार असाल तर सगळ्यात जास्त रात्री इटलीतच असल्या पाहिजेत. कोमोहून लुगानो जवळ आहे म्हणून स्वित्झर्लंडमध्ये दिवसभराची चक्कर मारायला हरकत नाही, तो देशही शेंगेनमध्येच येतो. पासपोर्ट मात्र खिशात हवा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्यांदा नोंद होताना वेळ जातो. म्हणून उतरल्यावर तासाभरात सुटणारी ठरावीक वेळेची महागडी गाडी आगाऊ काढून ठेवू नका.

३. मुक्काम माणसांच्या गावात करा

हिवाळ्यातली सगळी सहल या एका निर्णयावर उभी असते. जिथे बारा महिने माणसं राहतात, शाळा-कचेऱ्या चालतात, तिथे मुक्काम करायचा. जी गावं पाहुण्यांवर जगतात, ती दिवसा जाऊन पाहायची.

कोमो, लेक्को, बेर्गामो, व्हेरोना, मांतोव्हा ही पहिल्या प्रकारची. इथे जानेवारीतल्या मंगळवारीही बेकरी उघडी असते, औषधाचं दुकान सापडतं, रात्री नऊला जेवायला मिळतं. कोमो सरोवराकाठची वारेन्ना आणि बेल्लाजिओ, गार्दाकाठची सिर्मिओने आणि लिमोने ही दुसऱ्या प्रकारची. वारेन्नाची वस्ती हजाराच्याही आत. नोव्हेंबरात हॉटेलवाले खुर्च्या आत घेतात ते थेट मार्चमध्ये बाहेर काढतात. अशा ठिकाणी घर भाड्याने स्वस्त मिळतं म्हणून पाच रात्री घेणारे लोक तिसऱ्या दिवशी दुधासाठी बस पकडताना दिसतात.

आरक्षणाच्या आधी यजमानाला तीन गोष्टी विचारा : जवळचं किराणा दुकान हिवाळ्यात उघडं असतं का, चालत जाण्याजोगं एक तरी उपाहारगृह चालू आहे का, आणि खोली गरम कशी होते. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर इटलीच्या या पट्ट्यात इमारतींची हीटिंग साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल आणि दिवसाला जास्तीत जास्त १४ तास चालू ठेवायचा नियम आहे, तापमानही २० अंशांच्या आसपासच राखायचं असतं. त्यामुळे पहाटे रेडिएटर गार लागला तर तो बिघडलेला नसतो. पहिल्या संध्याकाळीच जादा ब्लँकेट मागून घ्या. घरात ज्येष्ठ किंवा लहान मूल असेल तर जुन्या दगडी घरापेक्षा शहरातलं साधं हॉटेल बरं.

मुक्कामाचा नगरपालिका कर माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा भरावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो रोखीनेच घेतात.

४. मार्ग असा आखा

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरून कोमोला जायला मिलान शहरात शिरायची गरज नाही. विमानतळाची गाडी सारोन्नोला थांबते, तिथे उतरून कोमो लागोची गाडी पकडायची. ते स्टेशन अगदी सरोवराच्या काठावर आहे. कोमोचं दुसरं स्टेशन सान जोव्हान्नी; मिलानो चेंत्रालेहून येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात आणि तिथून काठापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. हॉटेल कोणत्या स्टेशनजवळ आहे ते पाहून गाडी निवडा.

कोमोत तीन रात्री. एक दिवस शहर, कॅथेड्रल आणि ब्रुनातेची फ्युनिक्युलर. ही दोरखंडाची रेल्वे १८९४ पासून चालते आणि सात मिनिटांत वर नेते, पण देखभालीची बंदी अनेकदा हिवाळ्यातच काढतात, तेव्हा आदल्या दिवशी खात्री करा. दुसरा दिवस पश्चिम काठाचा. कोलोन्नोपासून ग्रियान्तेपर्यंत सुमारे १० किलोमीटरची ग्रीनवे नावाची पायवाट जुन्या वस्त्यांमधून जाते. बाल्बिआनेल्लो आणि कार्लोत्ता हे दोन्ही व्हिला हिवाळ्यात बहुतेक काळ बंद असतात, तरीही ही वाट चालण्यासारखी आहे. सकाळचं ऊन याच काठावर आधी येतं. समोरच्या वारेन्नाच्या पाठीशी ग्रिन्याचे उंच डोंगर असल्याने तिथे ऊन उशिरा पोचतं, म्हणून वारेन्ना दुपारी पाहा.

तिसऱ्या मुक्कामानंतर बेर्गामोला निघताना मिलानला परत जाऊ नका. कोमोहून सी-३० क्रमांकाची बस बेल्लाजिओला जाते, तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. रस्ता अरुंद आणि वळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसावं. बेल्लाजिओत दोन तास फिरा, मग बोटीने पंधरा मिनिटांत वारेन्ना, तिथून रेल्वेने लेक्को आणि लेक्कोहून सुमारे चाळीस मिनिटांत बेर्गामो. सामानासकट हे एका दिवसात आरामात होतं, मात्र सामान म्हणजे एक मध्यम बॅग. वारेन्नाच्या धक्क्यापासून स्टेशनपर्यंत चढ आहे आणि या सगळ्याच गावांत गोट्यांचे रस्ते आणि पायऱ्या. मोठ्या चाकांच्या दोन बॅगा ओढत निघालात तर हा दिवस हमालीतच जाईल.

बेर्गामोत दोन रात्री. डोंगरावरच्या जुन्या शहराभोवती व्हेनिसच्या राजवटीत बांधलेला सहा किलोमीटरहून लांब तट आहे. २०१७ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. खालच्या शहरातून वर जायला फ्युनिक्युलर आहे, बसचं साधं तिकीट तिलाही चालतं. संध्याकाळी पाचनंतर फिरायला आलेले लोक खाली उतरतात आणि तट जवळजवळ रिकामा होतो. तेव्हा एक फेरी माराच. रात्री दहाला चौकातल्या मनोऱ्याची घंटा शंभर ठोके देते. पूर्वी तटाचे दरवाजे बंद होण्याची ती सूचना असे.

पुढे ब्रेशियाला गाडी बदलून व्हेरोना, तीन किंवा चार रात्री. सिर्मिओने (देझेन्झानो किंवा पेस्किएरा स्टेशनवरून बस) आणि मांतोव्हा इथूनच करा.

मांतोव्हाला बेताच्या शेवटी उरलेला अर्धा दिवस देऊ नका, पूर्ण दिवस द्या. व्हेरोनाहून थेट प्रादेशिक गाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतात आणि शेवटी गाडी दोन तळ्यांमधल्या बांधावरून शहरात शिरते. शहराला तीन बाजूंनी वेढणारी ही तळी बाराव्या शतकात मिंचो नदीचं पाणी अडवून तयार केलेली आहेत, आणि मिंचो येते ती गार्दा सरोवरातून. इथला राजवाडा पालात्सो दुकाले. त्यातल्या किल्ल्याच्या बुरुजात मांतेन्या या चित्रकाराने १४६५ ते १४७४ या काळात रंगवलेली खोली आहे. गर्दीच्या दिवसांत तिथे मोजक्या मिनिटांसाठी सोडतात. जानेवारीत तिथे शांतपणे उभं राहून छताकडे पाहता येतं, आणि ऑफ सीझनला यायचं यापेक्षा मोठं कारण आमच्या मते दुसरं नाही. त्याच मांतेन्याचं याआधीचं काम व्हेरोनात सान झेनो चर्चच्या वेदीवर आहे. ते आदल्या दिवशी पाहून ठेवलंत तर मांतोव्हाची खोली अधिक कळेल. 'पालात्सो ते' नावाचा दुसरा राजवाडा शहराच्या दक्षिण टोकाला आहे, चालत पंचवीस-तीस मिनिटं. तळ्यापलीकडून दिसणारं शहराचं चित्र हवं असेल तर सान जोर्जो पुलावरून पलीकडे जा, तेही सकाळी. दुपारनंतर सूर्य शहराच्या मागे जातो.

५. वेळापत्रक वाचायला शिका

हिवाळ्यात सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो इथे. उन्हाळ्यात बोट चुकली तर अर्ध्या तासात दुसरी येते. हिवाळ्यात ती कधी दोन तासांनी येते, कधी येतच नाही.

सरोवरांवरच्या बोटींचं हिवाळी वेळापत्रक वेगळं निघतं. कोमोच्या मधल्या भागातल्या फेऱ्या, म्हणजे वारेन्ना, बेल्लाजिओ, मेनाज्जो आणि कादेनाब्बिया यांच्यातल्या, वर्षभर चालतात. कोमो शहरातून बेल्लाजिओकडे जाणाऱ्या बोटी मात्र मोजक्या, आणि संथ बोटीला दोन तास लागतात. गार्दावर कपात आणखी मोठी असते. तिथे काठाकाठाने बसनेच जायचं हे गृहीत धरा.

छापील तक्त्यात खुणा असतात. एकमेकांवर तिरक्या ठेवलेल्या दोन हातोड्या म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यात शनिवारही येतो. क्रॉस म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या. बसच्या तक्त्यात 'स्कोलास्तिको' लिहिलेली फेरी फक्त शाळा चालू असताना धावते; नाताळच्या सुट्टीत ती नसते. सकाळी सातची सोयीची बस पाहून बेत आखला आणि ती शाळेची निघाली, हा नेहमीचा घोळ. मोबाइलवरच्या नकाशात हे फरक कधीकधी दिसत नाहीत, म्हणून बसकंपनीचं किंवा बोटसेवेचं स्वतःचं वेळापत्रक उघडा आणि निघण्याआधी शेवटच्या परतीच्या फेरीचा फोटो काढून ठेवा.

बसचं तिकीट चढण्यापूर्वी घ्यायचं. काळ्या पाटीवर पांढरं 'टी' अक्षर असलेल्या तंबाखूच्या दुकानात किंवा स्टेशनजवळच्या बारमध्ये ते मिळतं. ही दुकानं दुपारी आणि रविवारी बंद असतात, त्यामुळे परतीचं तिकीट जातानाच घ्या.

प्रादेशिक रेल्वेचं भाडं ठरलेलं असतं, आगाऊ काढून काही वाचत नाही. मिलान ते वारेन्ना तासाभराचा प्रवास, सात-आठ युरो. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून मगच गाडीत बसा. त्रेनितालिया या सरकारी रेल्वेकंपनीचं प्रादेशिक तिकीट मोबाइलवर घेतलं असेल तर गाडीत चढण्यापूर्वी त्यात चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो आणि परदेशी आहोत या सबबीने तो सुटत नाही.

संप हा इथल्या प्रवासाचा नेहमीचा भाग आहे, बहुधा शुक्रवारी. त्याची घोषणा आधी होते. स्टेशनवर 'शोपेरो' शब्द दिसला की तारीख टिपून घ्या. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत प्रादेशिक रेल्वेच्या ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. विमानाच्या दिवशी संप आला तर त्याच वेळा धरून निघा.

६. संग्रहालयं आणि अंधार

बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. म्हणून सोमवार हा प्रवासाचा दिवस ठेवा, किंवा सरोवराचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात : मांतोव्हाचा पालात्सो दुकाले, सिर्मिओनेचा किल्ला आणि तिथलेच रोमन व्हिलाचे अवशेष यात येतात. 'पालात्सो ते' महापालिकेचं, त्याला हा नियम नाही. मोफतच्या दिवशी स्थानिक कुटुंबं येतात, तेव्हा दार उघडतानाच पोचा.

मिलानमधलं 'लास्ट सपर' हे भित्तिचित्र पाहायचं असेल तर ऑफ सीझनवर भिस्त ठेवू नका. पंधरा मिनिटांच्या ठरावीक गटांनीच आत सोडतात आणि तिकिटं फेब्रुवारीतही आधीच संपतात. व्हिसाच्या कागदांना हात घालाल तेव्हाच तेही पाहा. व्हेरोनाच्या रोमन रंगमंडलात ऑपेरा फक्त उन्हाळ्यात होतो; हिवाळ्यात वास्तू आतून पाहता येते.

डिसेंबरात सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. त्यामुळे उघड्यावरचं सगळं दुपारी तीनपर्यंत, आणि संग्रहालयं व चर्च त्यानंतर. जुनी चर्चं आतून बाहेरपेक्षा गार असतात. कोट काढू नका.

७. कपडे आणि धुकं

कोमोत जानेवारीत दिवसा ७-८ अंश, रात्री शून्याच्या आसपास. कडाक्याचा बर्फ नसतो, ओल असते. एका जाड जॅकेटपेक्षा अंगालगत थर्मल, वर लोकर आणि त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट असे तीन थर चांगले. पण सगळ्यात जास्त पैसे बुटांवर घाला : पाणी न शिरणारे, तळ न घसरणारे. ओल्या गोट्यांवर साधे स्पोर्ट्स शूज सरकतात.

मांतोव्हा आणि व्हेरोनाच्या दक्षिणेचा प्रदेश पो नदीच्या मैदानात येतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे दाट धुकं पडतं, कधी दिवसभर राहतं. तळ्यापलीकडच्या दृश्यासाठी जाणार असाल तर व्हेरोनातल्या मुक्कामात मांतोव्हाचा दिवस आधीपासून पक्का करू नका. सकाळी हवा पाहून ठरवा.

८. शाकाहारी जेवण

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं सात-साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. जानेवारीत अनेक मालक स्वतः सुट्टीवर जातात, तेव्हा नकाशावर 'उघडं' दिसलं तरी फोन करून विचारा.

हिवाळा इथल्या शाकाहाऱ्याला अनुकूल आहे. कोमो-लेक्को भागात पित्सोकेरी मिळतात : कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लोणी, लसूण आणि भरपूर चीज. बेर्गामोत चीज घातलेली पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मांतोव्हात लाल भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, किंचित गोड. त्यांच्या पारीत अंडं असतं.

फसवणारे पदार्थही लक्षात ठेवा. रिसोत्तो भाजीचा दिसला तरी बऱ्याचदा मांसाच्या रश्शात शिजतो, 'ब्रोदो व्हेजेताले?' असं विचारा. बेर्गामोच्या कासोन्चेल्लीत मांस असतं. मांतोव्हाची स्ब्रिझोलोना ही बदामाची खुसखुशीत मिठाई पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात, आता पुष्कळ ठिकाणी लोणी घालतात. पुडक्यावर 'स्त्रुत्तो' लिहिलं असेल तर ठेवून द्या. ग्राना पादानो आणि पार्मिजानो या दोन्ही चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेलं विरजण, वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज नको असं आधीच सांगावं.

बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतात. तो बसण्याचा आकार आहे, चूक नव्हे.

९. गाडी भाड्याने घेणार असाल तर

या मार्गाला गाडी लागत नाही. तरीही घेणार असाल तर निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, आणि १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात अनेक रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात, तेव्हा गाडीत काय आहे ते ताब्यात घेतानाच पाहा. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. वेशीवर कॅमेरा असतो. अडवायला कुणी येत नाही, दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते आणि गाडीवाली कंपनी तुमचं नाव कळवल्याचे पैसे वेगळे कापते. हॉटेल मध्यभागात असेल तर पोचण्याआधी गाडीचा नंबर त्यांना कळवा. ते पालिकेकडे नोंदवू शकत असतील तरच आत शिरा, नाहीतर तटाबाहेरच्या वाहनतळावर गाडी ठेवून चालत जा.